ठकीच्या बांधावरचा शनिवार

मला या नोकरीचा वीट आला आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणी म्हणायला नको की रवींद्र चांगला बोलत होता आणि मधेच का भडकला.

सिद्धगडाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, मुरबाडहून जीपने पाऊण तासावर, ‘संथ’ नावाचं एक ठिकाण आहे. मुंबई-पुण्याची माणसं तिथे दोन दिवस वेळ विसरायला येतात. ती आली की फाटकावर त्यांची घड्याळं आणि मोबाईल एका बांबूच्या टोपलीत काढून घ्यायचे, प्रत्येकाला नंबराचा बिल्ला द्यायचा आणि टोपली कपाटात घालून कुलूप लावायचं, हे माझं काम. दुसरं काम नोकरमाणसांच्या हजेरीचं. मुरबाडला एका कापड कारखान्यात मी सव्वीस वर्षं टाइमकीपर होतो. कारखाना बंद पडला आणि त्याच अनुभवावर मला इथे घेतलं. पाहुण्यांच्या नजरेला घड्याळ पडता कामा नये म्हणून मी माझं घड्याळ बाहीखाली झाकून बांधतो. चोरीचा माल लपवावा तसं.

हजेरीचं यंत्र स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीवर आहे, पाहुण्यांना दिसणार नाही असं. त्याला तोंड दाखवायचं. साडेसातपर्यंत दाखवलं तर पूर्ण दिवस, सात चाळीसला दाखवलं तर अर्धा. पुढच्या अंगणात वेळ नाहीच म्हणून माणसं डोळे मिटून बसलेली असतात, आणि मागच्या भिंतीपाशी सहा बायका धापा टाकत यंत्रापुढे तोंड धरून उभ्या असतात. सुरुवातीला मला याचं हसू यायचं. आता शिसारी येते.

त्या सहांतली एक ठकी मेंगाळ. वरच्या ठाकरवाडीतली, वय चाळीसच्या आगेमागे. आगेमागे म्हणतो, कारण तिच्या आधार कार्डावर जन्मतारीख एक जून आहे. वाडीतल्या निम्म्या माणसांची तीच आहे, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी सगळ्यांना तीच देऊन टाकली. तिची आई सांगायची की ज्या साली करवंदं आली नाहीत त्या साली ठकी झाली. ठकी चौथीपर्यंत शिकली, सतराव्या-अठराव्या वर्षी हनुमानच्या घरी आली, दहाएक वर्षं भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर विटा पाडल्या, आणि मग वनहक्काचा दाखला मिळाला तेव्हा दोघं वाडीवर परतली. डोंगराच्या उतारावर दीड एकर भाताची जमीन. सासू मागेच गेली. लेक प्रेमा लग्न होऊन धसईकडे गेली. घरी आता ती, हनुमान आणि म्हातारा सासरा चांगो.

ठकीची जीभ तिखट. हजेरीच्या यंत्राला तिने ‘सासूबाई’ नाव ठेवलं होतं, कारण सकाळी उठून आधी तिला तोंड दाखवायचं आणि तरी ती नाखूशच. मॅनेजर अक्षय डोंबिवलीचा, तिशीतला, सारखा ‘टाइमलाइन, टाइमलाइन’ करायचा, तर त्याच्या माघारी ती त्याला ‘टायमाचा बोकड’ म्हणायची. कामाला मात्र वाघीण. साडेसात गाठायला ती अंधारात घर सोडायची आणि दीड तास डोंगर उतरून यायची. वर्षभरात तिचे दोनच अर्धे दिवस लागले, दोन्ही वेळा ओढ्याला पाणी होतं म्हणून.

शनिवारी दुपारी मालकीणबाई पाहुण्यांना गोलात बसवून भाषण द्यायच्या. सायबाच्या देशातला काळ सरळ रेषेत पळतो, शहरात आपण त्याचे गुलाम झालो, पण आदिवासींचा काळ गोल असतो, त्यांना घाई माहीतच नाही, वगैरे. मग नमुना म्हणून ठकीला पुढे बोलवायचं. पहिल्या वेळी एका बाईंनी तिला विचारलं की तुम्हाला किती वाजले ते कसं कळतं. ठकीने सरळ सांगितलं की मोबाईलमध्ये बघते. मालकीणबाईंचं तोंड बघण्यासारखं झालं. त्यानंतर अक्षयने तिला बाजूला घेऊन पढवलं की उन्हाकडे बोट दाखवायचं, पाखरांचं काहीतरी सांगायचं. ठकी सांगायला लागली. पाहुणे माना डोलवायचे. एकाने तर तिच्या पाया पडून ‘संथ’च्या फोटोवाल्याकडून फोटो काढून घेतला. ज्या बाईला दहा मिनिटांसाठी आपण अर्धा दिवस कापतो, तिलाच घाई माहीत नाही म्हणून ओवाळायचं, याच्याइतका नागडेपणा मी कारखान्यातसुद्धा पाहिला नव्हता. कारखान्याने निदान भोंगा वाजवताना देवाचं नाव घेतलं नव्हतं.

ही गोष्ट गेल्या जुलैची. त्या वर्षी ‘संथ’ने भातलावणी महोत्सव काढला. चार शनिवार-रविवार, चार तुकड्या. पाहुणे येणार, चिखलात उतरणार, आपल्या हाताने भात लावणार. शिकवायला ठकी, कारण फोटोत ती शोभून दिसते असं अक्षयचं म्हणणं. आणि नेमका तोच तिच्या स्वतःच्या लावणीचा हंगाम.

वाडीवर लावणी सावडीने होते. ठकीचं घर धरून तेरा घरांची सावड आहे त्यांची. आज सगळे मिळून एकाच्या शेतात, उद्या दुसऱ्याच्या. कोणाचं शेत कधी, ते रोपाच्या वयावर आणि खाचरात किती पाणी आहे त्यावर ठरतं, आणि ठरतं ते त्या दिवशी सकाळी, बांधावर उभं राहून. आणखी एक रीत आहे. घरच्या बाईने पहिली मूठ लावल्याशिवाय दुसरं कोणी त्या शेतात रोपाला हात लावत नाही. आपल्या कुणब्यांतही काही गावांत असं होतं, पण आपण आता मजूर लावून मोकळे होतो. त्यांच्यात ते अजून पाळतात.

ठकीने पंधरा दिवस आधीच रजा मागितली होती. अक्षयने विचारलं, कोणत्या तारखेला. ती म्हणाली, रोप येईल तेव्हा. तो म्हणाला, तारीख सांग, ॲपमध्ये तारखेशिवाय रजा जात नाही. ती माझ्याकडे आली. मी म्हटलं, अंदाजे सांग. ती म्हणाली की आधी सावडीतल्या कुशाबाचं शेत, मग आमचं, म्हणजे रविवार होईल, नाहीतर सोमवार. मी सोमवार भरला. रविवारी महोत्सव होता आणि मला अक्षयशी हुज्जत नको होती. तिचा अंदाज होता, मी त्याची तारीख केली, आणि वर तिला बजावलं की आता यात बदल नाही.

शुक्रवारी रात्री धो धो पडला. शनिवारी ठकी नेहमीप्रमाणे अंधारात निघाली आणि सात वीसला सासूबाईंना तोंड दाखवलं. ती निघाल्यावर वाडीवर काय झालं, ते मला नंतर कळलं. सावड कुशाबाच्या शेतावर गेली तर त्याचा बांध रात्रीत फुटलेला, खाचर कोरडं. ठकीच्या शेतात मात्र पाणी तुडुंब आणि रोप अठ्ठावीस दिवसांचं, आज लावलं तर सोनं. सगळ्यांनी ठरवलं की आज ठकीचंच लावू. हनुमानने बैल जुंपून चिखल करायला घेतला आणि म्हाताऱ्या चांगोला सुनेला आणायला पाठवलं. ठकीचा मोबाईल लागणार नव्हता. महोत्सवात नोकरांचेही मोबाईल माझ्याच कपाटात असतात.

चांगो नऊच्या सुमाराला फाटकावर पोहोचला. सत्तरी पार केलेला माणूस, डोक्यावर प्लास्टिकचं इरलं, गुडघ्यापर्यंत चिखल. त्याने मला सगळं नीट सांगितलं. बारा घरची माणसं बांधावर बसली आहेत, ठकीने पहिली मूठ लावली की काम सुरू होईल, मग ती हवी तर परत येईल. त्याचं बोलणं मला पूर्ण कळलं होतं. कळलं नाही असं म्हणायला मला जागा नाही.

आत तेव्हा मौनाचा तास चालू होता. मधे कोणी जायचं नाही अशी सक्त ताकीद. शिवाय गाद्यांचा टेम्पो दारात उभा, दोन पाहुण्यांचे बिल्ले अदलाबदल झालेले, आणि एक बाई आपलं घड्याळ परत मागत होत्या कारण त्यांना चैन पडेना. मी म्हाताऱ्याला म्हटलं,

“पाच मिनिटं थांब बाबा. बोलावतो तिला.”

तो फाटकाच्या कोपऱ्यात उकिडवा बसला. मी टेम्पोकडे गेलो.

मला खोटं बोलायचं नव्हतं आणि त्याला टाळायचंही नव्हतं. ‘पाच मिनिटं’ हे मी आयुष्यभर म्हणत आलो आहे. कारखान्यात कामगारांना म्हटलं, घरी बायकोला म्हटलं, दवाखान्यात बाप शेवटचं बोलवत होता तेव्हा नर्सला म्हटलं. आपण कोणीच ती मोजत नाही. समोरच्यानेही मोजायची नसतात, त्याने पुन्हा यायचं, हटकायचं, आवाज चढवायचा, मग आपण हलायचं, असा आपला रिवाज. चांगोने हटकलं नाही.

मौन संपलं, नाश्ता झाला, अकराला पाहुणे चिखलात उतरले. स्पीकरवर ढोल वाजत होता. ठकी नऊवारी नेसून मधे उभी, कारण तशीच नेस असं तिला सांगितलं होतं, आणि तीस माणसं तिच्याभोवती घसरत, खिदळत, एकमेकांना चिखल फासत होती. रोपं मुळाकडून धरायची असतात, हे ती जीव तोडून सांगत होती. ऐकतो कोण. काहींनी पात्यांचा गुच्छ करून हातात धरला आणि फोटोवाल्याकडून फोटो काढून घेतले. तिला काय माहीत की आपलं स्वतःचं खाचर वर तयार होऊन तिची वाट बघतंय. मला माहीत होतं, आणि मी विसरलो होतो.

दीड वाजता मी जेवायला निघालो तेव्हा इरलं दिसलं. म्हातारा जिथे बसला होता तिथेच बसलेला. त्याला कोणी पाणीसुद्धा विचारलं नव्हतं.

मी धावत खाचराकडे गेलो आणि ठकीला सांगितलं. ती एकच बोलली.

“कधी आलाय तो?”

मी नऊ म्हणालो. तिने हातातली मूठ पाण्यात ठेवली, म्हणजे टाकली नाही, ठेवली, आणि बाहेर आली. मी अक्षयकडे जीप मागितली. जीप फोटोवाल्याला सोडायला निघाली होती. अक्षय म्हणाला, हिला आत्ता जायचंय तर यंत्रापुढे तोंड दाखवून जा म्हणावं, नाहीतर दिवस पूर्ण कापला जाईल. ठकी त्या भिंतीकडे वळलीही नाही. चिखलाने भरलेल्या पायांनी, ओचा खोचून, ती सासऱ्याला घेऊन फाटकाबाहेर पडली. मी मागून हाक मारली. दोघांपैकी कोणी वळून बघितलं नाही.

रविवारी ती आली नाही. दोन्ही दिवस गैरहजर लागली. सोमवार मात्र मंजूर रजा म्हणून हिरवा दिसत होता. तो हिरवा चौकोन मीच भरला होता.

सोमवारी सकाळी अक्षयने सांगितलं की पाहुण्यांनी लावलेलं भात उपटून काढा. मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. तो म्हणाला, पुढच्या शनिवारी दुसरी तुकडी आहे, त्यांना रिकामं खाचर लागेल. जी रोपं धड आहेत ती जुड्या बांधून पाण्यात ठेवा, पुन्हा वापरू. कामावरच्या पाच बायकांनी ऐकून घेतलं आणि भांडी घासायला निघून गेल्या. लावलेलं भात उपटायला एकीचाही हात धजेना. शेवटी मी आणि माळ्याने उपटलं. माझ्या सात पिढ्या भात लावत आल्या. लावलेलं रोप मुळांसकट वर येताना जो आवाज होतो तो मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला, आणि उपटणारा हात माझा होता.

मंगळवारी मी वाडीवर गेलो. माफी मागायला गेलो असं लिहायला बरं वाटलं असतं. मी गेलो कारण अक्षयने पाठवलं. पुढच्या तुकडीने फोटो बघून तीच बाई हवी असं कळवलं होतं, आणि तिला समजावून आणायची कामगिरी माझ्यावर टाकली होती.

ठकीच्या शेतात तीनच माणसं होती. ती, हनुमान आणि चांगो. तीन माणसांनी तीन दिवसांत एक कोपरा हिरवा केला होता. बाकीच्या खाचरात पाणी आटत होतं आणि शेवटच्या वाफ्यात रोप पिवळं पडायला लागलं होतं. आणखी आठवड्यात त्याला कांडं सुटणार, मग ते लावलं काय आणि न लावलं काय. खालच्या अंगाला, दुसऱ्या कोणाच्या शेतात, वीस-बावीस माणसांची सावड वाकून लावत होती.

हनुमानने सांगितलं की शनिवारी ती सगळी माणसं दुपारपर्यंत इथे बांधावर बसून होती. ठकी येईल, म्हातारा आणायला गेलाय, असं एकमेकांना सांगत. ठकीला सोडून लावून घेऊ असं कोणाच्याही मनात आलं नाही. दुपारी पाणी उतरायला लागलं तेव्हा नाइलाजाने पुढच्या शेतावर गेली. आता फेरा पूर्ण झाल्यावरच त्यांची पाळी, म्हणजे दहा दिवस.

मी ठकीला विचारलं, सावडीने तुझं शेत लावलं नाही, तर तू त्यांच्याकडे जायचं कारण नाही, मग शनिवारी ‘संथ’ला यायला काय हरकत आहे. हे विचारताना मला माझी लाज वाटली, पण विचारलं. तिने कंबर सरळ केली.

“शनवारी कुशाबाच्या शेतावर जायाचा हाय मला. बारा घरचा एकेक दीस हाय माज्यावर.”

“पण त्यांनी तुझं लावलं कुठे?”

“लावला नाय, पन बसली ना. बसून त्यांचा दीस गेला, रवीभाऊ. तो काय फुकट?”

सव्वीस वर्षं मी माणसांची हजेरी लिहिली. फाटकाबाहेर ताटकळलेला, भोंगा होईपर्यंत थांबलेला, मशीन बिघडलं म्हणून बसून राहिलेला, असल्या कोणाचाही दिवस मी कधी भरला नाही. बसलेल्याचा दिवस नसतो, असं मला शिकवलं होतं आणि मी ते पुढे शिकवलं. इथे या बाईचं वर्षाचं भात वाळायला लागलं होतं, आणि तरी जी माणसं नुसती तिची वाट बघत बसली, त्यांचा दिवस ती बारा शेतांत वाकून फेडणार होती. आणि मालकीणबाई सांगतात यांना वेळेची किंमत नाही. थुंकावंसं वाटलं, पण कुठे थुंकणार, मीच तर फाटकावर होतो.

मी चांगोकडे गेलो. तो बांधावर बसून जुड्या सोडत होता. त्याच्या बाजूला बसलो, आणि मग मात्र माफी मागितली, धड की अधड ते माहीत नाही. त्याने मान हलवली, काय नाय, होतं, असं म्हणाला. मला तेवढ्याने बरं वाटेना. खरं सांगायचं तर थोडासा दोष त्याच्यावर ढकलता आला तर बघावा, असंही मनात होतं. मी म्हटलं, बाबा, साडेचार तास बसलात, एकदा तरी मला पुन्हा विचारायचं होतंत.

म्हाताऱ्याने हातातली जुडी सोडून पाण्यात ठेवली. रागाने नाही, मला समजावून सांगावं तशा आवाजात बोलला.

“दुपार झाली ती कलली मला. पन तुमी पाच मिनटं बोल्लात ना. घड्याल तुमच्याकडं हाय, माज्याकडं नाय. म्हनलं, यांची पाच मिनटं मोठी असतील.”